गल्लीत ६८, हायवेला ५८. मग त्रास उलटा का?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पुण्याहून धुळ्याला परत आला आहात आणि नंबरच्या गल्ल्यांपैकी एका गल्लीत आजोबांच्या दुमजली घरात राहता. घरात आई, पत्नी आणि सात महिन्यांचं बाळ. ओट्यावर उभं राहून मोबाईलवरच्या ॲपने मोजलं तर दिवसा ६८ डेसिबलच्या आसपास आकडा येतो. देवपूरच्या बाजूला हायवेजवळ एक प्लॉट पाहिलात, तिथे तेच ॲप ५८ दाखवतं. तरीही प्लॉटवर अर्धा तास थांबल्यावर तुमचं डोकं भणभणलं, आणि गल्लीत परतल्यावर बरं वाटलं. आई म्हणते, इथे कुठे आवाज आहे? पत्नी म्हणते, दुपारी बाळाचा डोळा लागतच नाही. आणि तुम्ही विचारता: ॲप चुकतंय का, खिडक्यांना डबल काच बसवू का, की घरच सोडू?

मी आर्किटेक्ट आहे. जुन्या वस्त्यांमधला ध्वनी मोजणं, तिथल्या लोकांना तो कसा वाटतो हे समजून घेणं आणि त्यावर घरापुरते, गल्लीपुरते उपाय सुचवणं हे माझं काम. जळगाव, अमळनेर, पारोळा, धुळे इथल्या जुन्या पेठांमधून मी पुष्कळ फिरले आहे. तुमच्यासारखा प्रश्न मला वेगवेगळ्या घरांत ऐकायला मिळतो आणि जवळजवळ प्रत्येक वेळी घरातल्या सगळ्यांचं म्हणणं खरं निघतं. तुमच्या आई, पत्नी आणि तुम्ही तीन वेगळ्या गोष्टी ऐकताय. ॲप चौथीच गोष्ट मोजतंय. त्यामुळे "इथे आवाज जास्त आहे का" या प्रश्नातून काही हाती लागणार नाही. कोणता आवाज, कोणत्या वेळी, कोणाच्या कानावर, आणि तो थांबवणं कोणाच्या हातात आहे, असं सुटं सुटं विचारावं लागेल.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि घर न पाहता त्या मी ठरवू शकत नाही. झोपायची खोली गल्लीकडे आहे की मागे, शेजारी शटरचं दुकान आहे का, घराचा किती भाग अजून जुना आहे, प्लॉट हायवेपासून किती फुटांवर आहे. म्हणून खाली काही ठिकाणी "असेल तर" असं येईल.

आधी आकड्याचं बघू. डेसिबलची मोजपट्टी सरळ नसते. ३ डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, आणि साधारण १० वाढले की कानाला आवाज दुप्पट मोठा वाटतो. म्हणजे नुसत्या आकड्याने पाहिलं तर तुमची गल्ली प्लॉटच्या दुप्पट मोठ्या आवाजाची ठरते. पण फोनचा माईक माणसाचं बोलणं टिपायला बनवलेला असतो. ट्रकच्या इंजिनाची खालच्या पट्टीतली घरघर तो नीट पकडत नाही. त्यात बहुतेक ॲप 'ए' भारांकनाचा आकडा दाखवतात. या पद्धतीत खालच्या पट्टीचे आवाज मुद्दाम कमी धरले जातात, कारण मध्यम पातळीवर आपल्या कानालाही ते कमी ऐकू येतात. हायवेच्या आवाजात नेमका हाच भाग मोठा असतो. त्यामुळे प्लॉटवरचा ५८ हा आकडा दिसतो तेवढा निरुपद्रवी नाही.

दुसरी गोष्ट सरासरीची. ॲपवरचा सरासरीचा आकडा ऊर्जेची सरासरी असतो. पाच मिनिटांत दोन हॉर्न आणि एक शटर झालं की तो भराभर वर चढतो, मधली सगळी मिनिटं शांत असली तरी. म्हणून आम्ही आणखी एक आकडा पाहतो: मोजणीच्या ९० टक्के वेळात आवाज ज्याच्या खाली जात नाही ती पातळी. तुमच्या ॲपमध्ये 'एल ९०' किंवा किमान पातळी दिसत असेल तर ती गल्लीत आणि प्लॉटवर दोन्हीकडे बघा. मला वाटतं गल्लीतला किमान आकडा सरासरीच्या बराच खाली असेल, आणि हायवेला दोन्ही आकडे एकमेकांना चिकटून असतील. गल्लीच्या आवाजाला खाचा असतात. दोन रिक्षांच्या मधे कोणाचं तरी बोलणं, भांड्याचा आवाज, चिमण्या ऐकू येतात, आणि त्या खाचांमध्ये कान विसावतो. हायवेला खाच नाही. प्लॉटवर तुमचं डोकं भणभणलं त्याचं हे पहिलं कारण.

कायद्याचे आकडेही सांगून ठेवते, कारण तुम्ही "५५ च्या वर बेकायदा ना?" असं लिहिलंय. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५, व्यापारी भागात दिवसा ६५ आणि रात्री ५५ ही मर्यादा आहे. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. धुळ्याच्या गल्ल्यांमध्ये खाली दुकान आणि वर बिऱ्हाड, त्यामुळे तुमची गल्ली कोणत्या वर्गात धरली आहे ते महापालिकेकडे विचारावं लागेल. शिवाय हे आकडे परिसराची सरासरी पातळी सांगतात. एका घरातल्या बाळाची झोप त्यातून कळत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. ध्वनीच्या अभ्यासाची दिशा १९७० च्या आसपास कॅनडात बदलली. व्हँकूव्हरजवळच्या सायमन फ्रेझर विद्यापीठात आर. मरे शेफर या संगीतकाराने आपल्या सहकाऱ्यांसह गावांचे, बंदरांचे, रस्त्यांचे आवाज नोंदवायला सुरुवात केली. त्याने आवाजांचे ढोबळ तीन प्रकार केले. एक, सतत मागे चालू असणारा पायाभूत आवाज, ज्याकडे कोणी लक्ष देत नाही. दुसरा, लक्ष वेधून घेणारा, काहीतरी सांगणारा आवाज. तिसरा, त्या जागेची ओळख बनलेला आवाज. पुढे २०१४ साली आयएसओ १२९१३ या आंतरराष्ट्रीय मानकाने 'ध्वनिचित्र' या शब्दाची व्याख्या केली, तीही याच अंगाने: एखाद्या जागेतले आवाज तिथल्या माणसाला त्या संदर्भात जसे जाणवतात, अनुभवास येतात, समजतात, ते तिथलं ध्वनिचित्र. म्हणजे माणूस बाजूला काढला तर मोजायला फक्त हवेचा दाब उरतो.

हे तीन प्रकार खानदेशात लावून बघा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पायाभूत आवाज कोणता? कूलर. पारा ४३-४४ वर गेला की प्रत्येक खिडकीत पत्र्याचा कूलर घरघरत असतो. तरीही उन्हाळ्यात मी लोकांना "तुम्हाला कोणते आवाज ऐकू येतात" असं विचारते तेव्हा कूलरचं नाव क्वचितच निघतं. हॉर्न निघतो, डीजे निघतो, कुत्री निघतात. लाईट गेली की कूलर थांबतो, आणि चार घरांपलीकडचं भांडण शब्दन् शब्द ऐकू येतं. तेव्हा कळतं की इतका वेळ कूलरने किती झाकून ठेवलं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, तुमच्या डबल काचेच्या प्रश्नात ती पुन्हा येणार आहे.

दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे सांगावा देणारे आवाज तुमच्या आईच्या कानात बसलेले आहेत. आपल्या शहरांत नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि वेळ पुढेमागे होते. आई झोपेतही नळातून हवा सुटल्याचा फुसफुस आवाज ओळखत असेल, किंवा शेजारची पाण्याची मोटार सुरू झाल्यावर उठून बसत असेल. "नळ आले" ही हाक गल्लीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते, आणि त्या हाकेला कोणी गोंगाट म्हणत नाही. घंटागाडीचं गाणं, दूधवाल्याची सायकल, समोरच्या दुकानाचं शटर, देवळातली आरती, मशिदीतली अजान, शाळा सुटल्याचा गलका: आईचा दिवस या आवाजांवर उभा आहे. वर्षानुवर्षं तिने ते वापरले आहेत. तुमच्या पत्नीला त्यातलं अजून काहीच वापरता येत नाही, म्हणून तिच्या कानावर ते सगळे एकदम, विनाकारण आदळतात. सुनेला ऐकूनच घ्यायचं नाही असा त्याचा अर्थ कोणी काढू नये. जो आवाज कळत नाही तो मोठाच वाटतो. पारोळ्याच्या एका ओट्यावर बसलेल्या आजींना मी त्यांच्या दारातल्या आवाजाबद्दल विचारलं, तर त्या म्हणाल्या, "हाऊ काय आवाज शे का माय? हाई ते आमनी गल्ली शे." त्यांच्या दारासमोरून मोटारसायकली जात होत्या आणि माझ्या हातातला मीटर ७० च्या वर होता.

तिसरा प्रकार ओळखीच्या आवाजांचा. अमळनेरला प्रताप मिल होती, जळगावला खानदेश मिल होती, धुळ्यालाही मिल होती. मिलच्या भोंग्यावर घरातली घड्याळं लावणारी पिढी अजून आपल्यात आहे. भोंगा कानठळ्या बसवणाराच असायचा, पण त्याच्या आठवणीत कोणी तक्रार सांगत नाही. मिल बंद पडल्याची हळहळ सांगतात. जळगावात १८७२ पासून चालत आलेला श्रीरामाचा रथ कार्तिकी एकादशीला निघतो. रथ वळवायला आणि थांबवायला चाकांखाली लाकडी मोगऱ्या लावतात. मोगरी लावणाऱ्यांच्या हाका, झांजा, भजनं, गर्दीचा जयघोष यांनी जुन्या जळगावातली गल्ली भरून जाते. त्या दिवशी मीटर धरला तर आकडा भलताच येईल. त्याच गल्लीत, तितक्याच डेसिबलचा लग्नाचा डीजे रात्री वाजला की तीच माणसं कानावर उशी घेतात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, म्हणजे खानदेशातली लोकदेवता, घरात बसते तेव्हा रात्रभर बायका गातात. जिच्या घरी कानबाई आहे तिला, शेजारणीला आणि नुकत्याच भाड्याने आलेल्या कुटुंबाला ती रात्र तीन तऱ्हांनी ऐकू येते.

यात आणखी एक धागा आहे तो हुकमतीचा, म्हणजे आवाज थांबवणं आपल्या हातात आहे की नाही याचा. अमेरिकेत डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या आसपास काही प्रयोग केले. लोकांना काम करताना मधूनच, अवचित मोठे आवाज ऐकवले. काहींना एक बटण दिलं: वाटलं तर आवाज बंद करा, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. तरीही नंतरच्या कामात बटण असलेली माणसं जास्त चिकाटीने टिकली आणि त्यांच्या चुकाही कमी झाल्या. दोन्ही गटांनी ऐकलेला आवाज सारखाच होता. आपण थांबवू शकतो, एवढ्या जाणिवेनेच फरक पडला.

गल्लीत ते बटण म्हणजे ओळख. समोरच्या वेल्डिंगवाल्याला आई "अरे, दुपारी दोन ते चार जरा थांब रे" असं सांगू शकते, आणि तो बहुतेक वेळा थांबतो. हायवेवरच्या ट्रकला कोण सांगणार? प्लॉटवर तुम्हाला जे अस्वस्थ वाटलं त्यात याचाही वाटा असावा. मी पाहिलंय की पिठाच्या गिरणीचा आवाज वर्षानुवर्षं गल्लीने मानलेला असतो. गिरणी दुसऱ्याने चालवायला घेतली, तो शेजाऱ्यांशी बोलेनासा झाला, मनाला येईल त्या वेळी पट्टा चालू करू लागला, की तक्रारी सुरू होतात. यंत्र तेच, आकडाही तोच.

आता गल्लीच्या बांधणीकडे येते, आणि इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण या भागात तुम्हाला प्रत्यक्ष काही करता येईल. धुळ्याची रचना खानदेशातल्या इतर जुन्या गावांपेक्षा वेगळी आहे. १८१९ मध्ये कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळे हे खानदेशाचं मुख्य ठाणं केलं, आणि आग्रा रोडच्या दोन्ही अंगांना सरळ, आखीव पेठा वसल्या. नंबरच्या गल्ल्या त्यातूनच आल्या. जुन्या धुळ्यात किंवा अमळनेरच्या दगडी दरवाजाच्या आतल्या भागात मात्र बोळ वळणावळणाचे आहेत. वळण आलं की आवाजाची सरळ वाट तुटते आणि दोन वळणांनंतर मुख्य रस्त्याचा हॉर्न ओळखू येणार नाही इतका दबतो. सरळ गल्लीत तो दोन भिंतींमध्ये आपटत लांबपर्यंत जातो. म्हणून तुमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या घरात आणि मधल्या घरात फारसा फरक वाटत नसेल, तर नवल नाही.

पण भिंत कशाची आहे यावर पुष्कळ ठरतं. मातीचा गिलावा, लाकडी खांब आणि कोरीव सज्जे, जाळ्या, ओटे, पुढेमागे झालेली दारं यांनी आवाज थोडा शोषला जातो आणि पुष्कळसा विखुरतो. त्याच जागी गुळगुळीत टाईल्स आणि काचेचा दर्शनी भाग आला की आवाज समोरच्या घरावर जसाच्या तसा परत जातो. समोरासमोरची दोन्ही घरं तशी झाली, तर टाळी वाजवून बघा, टर्र असा थरथरता प्रतिध्वनी येईल. पूर्वी दुकानं लाकडी फळ्या सरकवून बंद व्हायची, आता लोखंडी शटर आहे. म्हाताऱ्या माणसांना "आधी एवढा आवाज नव्हता" असं वाटतं. त्यात वाहनं वाढली हे खरंच, पण भिंती आणि दारं बदलली हेही तितकंच खरं आहे. दर्शनी भाग दुरुस्त करणार असाल तर लाकूड आणि ओटा काढू नका, ही माझी कळकळीची विनंती. तुमच्या घराने आवाज विखुरला तर समोरच्या घरालाही त्याचा फायदा मिळतो.

घराच्या आत बघाल तर जुन्या जाड भिंतीतून आवाज फारसा येत नाही. येतो तो दारं-खिडक्या आणि छतामधून. आडोशात क्षेत्रफळाच्या १ टक्का जरी फट राहिली, तरी तो २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवू शकत नाही, भिंत कितीही जाड असो. जुन्या दोन फळ्यांच्या दाराखालची फट आणि मधली चीर मिळून तेवढी सहज भरते. आणि उघडी खिडकी साधारण १० ते १५ डेसिबलच कमी करते.

इथे डबल काचेचा प्रश्न येतो. चांगली, नीट बसवलेली डबल काच नक्कीच काम करते. पण तुमच्याकडे कूलर असेल, तर ती पैसे फुकट घालवणं आहे. कूलरला बाहेरची हवा आत ओढायला लागते आणि तीच हवा बाहेर पडायला दुसरी वाट लागते. खोली बंद केली की कूलर फक्त दमटपणा वाढवतो. म्हणजे ज्या चार महिन्यांत खिडक्या सर्वात जास्त उघड्या असतात, त्याच महिन्यांत काच उपयोगाची नाही. काच लावायची तर एसी लावावा लागेल, मग त्याचं वीजबिल आणि बाहेरच्या युनिटचा शेजाऱ्याला होणारा त्रास हेही हिशोबात धरा. धुळ्यात ज्यांना मी काच सुचवली आहे, त्यांना फक्त एकाच खोलीला सुचवली आहे.

इथवरचं थोडक्यात: गल्लीचा आकडा मोठा, पण तो आवाज तुटक, ओळखीचा आणि काही अंशी तुमच्या हातातला. हायवेचा आकडा लहान, पण तो आवाज सलग, खालच्या पट्टीतला आणि कोणाच्याच हातात नसलेला. आई, पत्नी आणि तुम्ही आपापल्या जागी बरोबर आहात.

पण म्हणून "सवय झाली की संपलं" असं मी म्हणत नाही. दोन-तीन ठिकाणी सवयीवर विश्वास ठेवू नये. सर्वात आधी रात्र. झोपेत आवाजाने आपण जागे झालो नाही, तरी हृदयाचे ठोके आणि रक्तदाब त्याला प्रतिसाद देतात, आणि ही प्रतिक्रिया वर्षानुवर्षांच्या सवयीनंतरही पूर्ण जात नाही. भुसावळला रुळांजवळ राहणारी माणसं सांगतात की आम्हाला गाड्या ऐकूच येत नाहीत. त्यांना जाग येत नसेल, मान्य. शरीर मात्र ऐकत असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये रस्त्यावरच्या वाहतुकीसाठी रात्रीची घराबाहेरची पातळी ४५ डेसिबलच्या खाली असावी असं म्हटलं आहे. या कसोटीवर प्लॉट आणि गल्ली दोन्ही तपासा, आणि ती तपासणी रात्री करा. दिवसाच्या भेटीवरून कोणी प्लॉट घेऊ नये. रात्री बारानंतर ट्रक कमी होत नाहीत, आणि मोकळ्या रस्त्यावर त्यांचा वेग वाढतो.

दुसरं, खालच्या पट्टीतला आवाज, म्हणजे डीजेचा ठोका. तो जाड भिंतींनाही पुरता अडत नाही. काचा आणि लाकडी पाटण हलवतो, आणि छातीत जाणवतो. त्याला परंपरा म्हणून सोडून देऊ नका. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद ठेवायचा असतो. सणासुदीला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, आणि ते दिवस आधी जाहीर झालेले असतात.

तिसरं, आईचे कान. वाढत्या वयात वरच्या पट्टीचे आवाज आधी कमी ऐकू येतात. त्यामुळे काही त्रासदायक आवाज आईपर्यंत पोचतच नसतील. पण याच कारणाने गोंगाटात समोरच्याचे शब्द वेगळे काढणं तिला अवघड जातं. आई गर्दीत "काय म्हणालास?" असं वारंवार विचारत असेल, ओट्यावर चारजणी बोलायला लागल्या की गप्प होत असेल, तर एकदा कान तपासून घ्या. "मला काही त्रास नाही" हे तिचं उत्तर खरं असूनही अपुरं असू शकतं.

बाळाचं गणित थोडं वेगळं आहे. पातळी किती यापेक्षा ती अचानक किती उसळते यावर बाळाचं दचकणं जास्त अवलंबून असतं. दुपारी गल्ली निवांत होते, पायाभूत आवाज खाली जातो, आणि तेवढ्यात चार वाजता दुकानाचं शटर वर जातं. हिवाळ्यात हे जास्त जाणवेल, कारण कूलर बंद असतो. दुपारी त्या खोलीत पंखा चालू ठेवा, म्हणजे उसळी थोडी झाकली जाईल. पण कूलर किंवा पंखा पाळण्याच्या अगदी जवळ नको.

घरात काय करायचं ते सांगते. आधी खोल्यांची अदलाबदल. नंबरच्या गल्लीतली घरं बहुधा अरुंद आणि खोल असतात, मागच्या खणात गल्लीचा आवाज पुष्कळ कमी पोचतो. बाळ आणि पत्नी मागे, आईची खाट पुढे, कारण तिला गल्ली ऐकायला हवी आहे. मग दारांच्या फटींना रबरी पट्टी, दाराखाली ब्रश. जड पडदे आणि भिंतीला लावलेलं भरलेलं कपाट खोलीतला घुमारा कमी करतं. बाहेरचा आवाज पडद्याने अडतो असं समजू नका. शटर असलेल्या दुकानदाराशी बोला: पट्ट्यांना तेल आणि खाली रबर, एवढ्यानेही खडखडाट बराच उतरतो. आणि हे बोलणं पत्नीने स्वतः करावं असं मला मनापासून वाटतं. गल्लीतलं ते बटण तिच्याही हातात यायला हवं.

प्लॉटचा विचार अजून असेल तर एवढं तपासा. रस्त्यासारख्या लांबलचक स्रोतापासून अंतर दुप्पट केलं की साधारण ३ डेसिबलच कमी होतात. ५० मीटरऐवजी १०० मीटरवर घर बांधून हायवे नाहीसा होत नाही. झाडांची एक-दोन रांगांची पट्टी मीटरवर जवळजवळ काहीच फरक दाखवत नाही. मात्र रस्ता डोळ्यांआड गेल्याने तो सहन करणं सोपं जातं, म्हणून ती लावावीच. दृष्टिरेषा तोडणारी सलग भिंत ५ डेसिबलच्या आसपास देते, उंच असेल तर जास्त. झोपायच्या खोल्या रस्त्याच्या उलट बाजूला काढता येत असतील तरच पुढे जा.

निर्णयाआधी आठवडाभर एक काम करा. आयएसओच्या मानकात लोकांना विचारायचे आठ शब्द आहेत. मी ते मराठीत असे वापरते: सुखद, त्रासदायक, शांत, गोंधळाचा, जिवंत, एकसुरी, गजबजलेला, सुनासुना. एका कागदावर हे शब्द लिहून पहाटे, दुपारी, संध्याकाळी आणि रात्री अकराला, तुम्ही, आई आणि पत्नी, तिघांनी एकमेकांना न विचारता प्रत्येक शब्दाला १ ते ५ गुण द्या, आणि शेजारी त्या वेळी कानावर आलेले आवाज लिहा. मीटर त्या वेळी बंद ठेवा. आकडा दिसला की माणूस कानाऐवजी त्याच्यावर विश्वास ठेवायला लागतो. "गजबजलेला" आणि "सुखद" दोन्हीला जास्त गुण मिळाले, तर ती वेळ सोडून द्या, तिथे दुरुस्तीची गरज नाही. "गजबजलेला" आणि "त्रासदायक" एकत्र येईल तिथे कोणता आवाज लिहिला आहे ते बघा. माझा अंदाज आहे की पत्नीच्या कागदावर दोन किंवा तीनच आवाज पुन्हा पुन्हा येतील. अख्खी गल्ली येणार नाही.

ते कागद, रात्री अकरा ते एकचे दोन्ही जागचे सरासरी आणि किमान आकडे, आणि घराचा हाताने काढलेला साधा नकाशा इथे टाका. बाळाची खोली कुठे हलवायची आणि एखादी काच खरंच लागते का, हे त्यावरून मला नीट सांगता येईल.